कॉक्लिअर इम्प्लांटचं प्लॅनिंग सॉफ्टवेअर: आकड्याआधी काय पाहायचं

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या वळणाच्या नळीत, कॉक्लियात, तारेसारखा इलेक्ट्रोड घालून ऐकण्याच्या नसेला विजेने आवाज पोचवणारं उपकरण. त्याबद्दल प्रश्न असा आला आहे: “मी सिंधुदुर्गात ईएनटी सर्जन आहे. मालवणजवळच्या एका गावातली पावणेतीन वर्षांची मुलगी आहे, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. ओएई, बेरा या ऐकण्याच्या चाचण्या, श्रवणयंत्र लावून पाहणं, सगळं झालंय. इम्प्लांटसाठी बाहेरून येणारे सर्जन तयार आहेत. इथल्याच सीटीवर कंपनीच्या माणसाने प्लॅनिंग सॉफ्टवेअर चालवून दाखवलं. त्यात उजव्या कॉक्लियाची ए-व्हॅल्यू (तळच्या फेऱ्याची रुंदी) ८.१ आणि लांबी २९.७ मिमी आली, म्हणून २४ मिमीचा इलेक्ट्रोड घ्या असं ते सुचवतं. सर्जन म्हणतात, मी नेहमी २८ चाच घालतो. कोणाचं ऐकू? आमच्या रुग्णालयाने हे सॉफ्टवेअर घ्यावं का? मुलीचे वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत, ते विचारतात, ‘ऑपरेशन मशीनच करतला काय?’ जाता जाता, मूल वर्षाचं असताना ताप आणि झटके येऊन आठ दिवस दाखल होतं. कागदपत्रं उरलेली नाहीत. आई म्हणते, त्याआधी ती ‘आबा’ म्हणायची.”

डॉक्टर, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ‘जाता जाता’ लिहिली आहे. २४ की २८ हे आपण नंतर ठरवू. बोलायला लागलेलं मूल ताप-झटक्यांनंतर गप्प झालं असेल, तर तो मेंदूज्वर नव्हता असं सिद्ध होईपर्यंत मेंदूज्वरच होता असं मी धरून चालतो. तसं असेल तर या दोन कानांना मुदत असते, आणि ती कदाचित सरतही आली असेल. एमआरआय झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. झाला नसेल तर हे उत्तर पुढे वाचण्याआधी त्याची तारीख घ्या.

असं का, ते नीट सांगतो, कारण सॉफ्टवेअरचं बळ कुठे आहे आणि कुठे संपतं ते याच मुलीच्या केसमध्ये दिसतं.

बॅक्टेरियल मेंदूज्वरात संसर्ग मेंदूभोवतालच्या पाण्यातून कॉक्लियर अॅक्विडक्टच्या वाटेने आतल्या कानात उतरतो. ती वाट उघडते स्काला टिंपनी या कॉक्लियाच्या खालच्या कप्प्यात, राउंड विंडोच्या (कॉक्लियाच्या तळाशी असलेल्या खिडकीच्या) अगदी जवळ. म्हणजे इलेक्ट्रोड जिथून आत घालायचा, नेमक्या त्याच जागी सूज सुरू होते. आधी तिथे तंतू तयार होतात, मग त्यात हाड भरत जातं. काही मुलांमध्ये हे काही आठवड्यांत सुरू होतं, काहींत वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. तंतूंच्या टप्प्यावर सीटी अगदी छान दिसतो, कारण सीटीला हाड दिसतं, तंतू दिसत नाहीत. कॉक्लियाची पोकळी काळी, कडा स्वच्छ, अडीच फेरे मोजून घ्या. आणि सॉफ्टवेअर मोजतं ते याच हाडाच्या कडा. आतली नळी मोकळी आहे की बुजली आहे, यावर त्याचं काहीही म्हणणं नसतं. स्क्रीनवर रंगीत कॉक्लिया फिरतो, त्यात इलेक्ट्रोड सरसर आत जातो. प्रत्यक्षात राउंड विंडो उघडली की आत पांढरा गोळा.

एमआरआयमध्ये हेवी टी-२ (पाणी ठळक दाखवणाऱ्या पद्धतीचे) पातळ छेद मागवा. मशीन कोणत्या कंपनीचं आहे त्याप्रमाणे त्याला सिस, फिएस्टा किंवा ड्राइव्ह म्हणतात. निरोगी कॉक्लियातलं पाणी त्यात पांढरंशुभ्र चमकतं. ती चमक बेसल टर्नमध्ये, म्हणजे तळच्या फेऱ्यात, तुटली असेल तर तिथे पाणी उरलेलं नाही, हे समजा. दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहा. त्याच बैठकीत इंटर्नल ऑडिटरी कॅनालचे (नसेच्या हाडातल्या वाटेचे) तिरके सॅजायटल छेद हवेत, म्हणजे कॉक्लियर नर्व्ह (ऐकण्याची नस) आहे की नाही हेही कळतं. मूल लहान आहे, झोपवून करावं लागणार, तेव्हा एकाच वेळी सगळं करून घ्या. अर्धवट एमआरआय घेऊन आलेलं मूल पुन्हा भुलीखाली घालायची वेळ माझ्यावर आलेली आहे. तेव्हा त्या आईच्या चेहऱ्याकडे बघणं मला जड गेलं होतं.

चमक तुटलेली दिसली तर सगळा बेतच बदलतो. मग दोन्ही कान एकाच वेळी करण्याचा विचार करावा लागतो, कारण दुसरा कान वाट पाहत थांबत नाही. बेसल टर्नमधलं हाड काही मिलिमीटर कोरून पुढे मोकळी जागा सापडते का पाहावं लागतं. नाही सापडली तर स्काला व्हेस्टिब्युली या वरच्या कप्प्यातून जाण्याची तयारी हवी. फार बुजलेल्या कॉक्लियासाठी दोन फाट्यांचे इलेक्ट्रोड असतात, ते कंपनीकडून आधी मागवावे लागतात, थिएटरमधून फोन करून येत नाहीत. तुमच्या सर्जनला २८ चाच हात असेल, तर या एका कारणासाठी त्यांनी हा कान अधिक अनुभव असलेल्या केंद्राकडे सोपवावा, असं मी त्यांना स्वतः फोन करून सांगेन. त्यात कमीपणा नाही. कोरताना ज्याने कॅरोटिड धमनी (मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी) जवळून पाहिली आहे, त्याने हे काम करावं.

आता एमआरआय स्वच्छ आला असं धरू. तसं होवो. मग २४ आणि २८ चा प्रश्न खरा ठरतो, आणि त्याचं उत्तर देताना मला मजा येते.

कॉक्लियाचा आकार माणसागणिक बदलतो, हे आपण एमबीबीएसला शिकत नाही. नळीची लांबी साधारण ३० ते ३६ मिमीच्या दरम्यान असते, त्याच्या अलीकडे-पलीकडेही जाते. एक चांगली गोष्ट अशी की कॉक्लिया जन्मतःच पूर्ण वाढलेला असतो. पावणेतीन वर्षांच्या मुलीचा कॉक्लिया तिच्या आजीएवढाच मोठा आहे, तेव्हा ‘लहान मूल म्हणून आखूड इलेक्ट्रोड’ हा हिशेब मुळात चुकीचा. वाढतं ते मास्टॉइड, कानामागचं हाड. या वयात मास्टॉइडचं टोक नीट भरलेलं नसतं आणि फेशियल नर्व्ह (चेहऱ्याची नस) बाहेरच्या बाजूला उघडीवाघडी येते. म्हणून चीर घेतानाच काळजी घ्यावी लागते.

प्रत्येक जागेला स्वतःचा सूर असतो: तळाशी, राउंड विंडोजवळ, बारीक उंच आवाज, शेंड्याकडे खर्जातले. पहिला फेरा संपतो तिथे साधारण १००० हर्ट्झच्या आसपासचा सूर येतो. आखूड इलेक्ट्रोड मोठ्या कॉक्लियात घातला तर खालच्या सुरांची जागा रिकामीच राहते, आणि प्रोसेसर तेच आवाज वरच्या जागी ढकलतो. लांब इलेक्ट्रोड लहान कॉक्लियात रेटला तर शेवटचे संपर्क (इलेक्ट्रोडवरचे वीज देणारे ठिपके) बाहेर राहतात, किंवा टोक दुमडतं, किंवा पातळ पडदा फाडून टोक वरच्या कप्प्यात जातं. जन्मापासून बहिऱ्या मुलाचा मेंदू चुकीच्या सुरांशीही जुळवून घेतो. पण तुमची मुलगी वर्षभर ऐकत होती. तिच्या डोक्यात ‘आबा’चा सूर कुठेतरी आहे. तिच्यासाठी सूर जागच्या जागी पडावेत, असं मला मनापासून वाटतं.

ए-व्हॅल्यूची कल्पना २००६ मध्ये फ्रान्समधल्या एस्क्युदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. बेसल टर्न पूर्ण दिसेल अशा एकाच सपाट पातळीत सीटी वळवायचा, राउंड विंडोपासून मधल्या अक्षातून पलीकडच्या भिंतीपर्यंत सरळ रेघ ओढायची. ती साधारण ९ मिमीच्या आसपास भरते. त्यावरून लांबीचं एक सोपं सूत्र पुढे आलं: ए ला ४.१६ ने गुणा आणि ४ वजा करा. तुमचे ८.१ यात घातले की २९.७ येतात. सॉफ्टवेअरने हेच केलंय. आता हेच सूत्र उलट्या बाजूने पाहा. रेघ अर्धा मिलिमीटर चुकली की लांबी दोन मिलिमीटरने चुकते. आणि ०.५ मिमी म्हणजे काय? चांगल्या सीटीचा जेमतेम एक छेद.

तुम्ही पाठवलेली फाइल मी उघडून पाहिली. छेद १.२५ मिमीचे आहेत. शिवाय मूल किंचित डोकं वाकडं करून झोपलं होतं, उजवा आणि डावा कान एका पातळीत नाहीत. सॉफ्टवेअर आपोआप कॉक्लिया शोधतं, पण पातळी त्याने थोडी तिरकी धरली. तिरक्या पातळीत रेघ बहुधा आखूड येते, भाकरी तिरपी धरली की गोल दिसत नाही तसं. मी पातळी हाताने सरळ केली तेव्हा उजवीकडे ८.७ आले. म्हणजे ३२.२ मिमी. अडीच मिलिमीटरचा फरक, फक्त डोकं वाकडं होतं म्हणून.

मी माझ्या ८.७ वरही पैज लावणार नाही. इतक्या जाड छेदांवर माझा आकडाही अंदाजच आहे. म्हणून सॉफ्टवेअर बरोबर की सर्जन बरोबर, याचं आज उत्तर नाही. सर्जनचा आकडा कदाचित बरोबर निघेल, पण ‘नेहमी घालतो’ हे त्याचं कारण होऊ शकत नाही. उद्या खरोखर ८ चा कॉक्लिया त्यांच्यासमोर येईल तेव्हा ती सवय नडेल.

त्यासाठी आजच एक फोन करा. ज्या केंद्रात सीटी काढला तिथे विचारा की मशीनवर कच्चा डेटा अजून आहे का. असेल तर त्याच स्कॅनमधून ०.६ मिमी किंवा त्याहून पातळ छेद, बोन कर्नलवर (हाडाच्या कडा ठळक दाखवणाऱ्या पद्धतीने), प्रत्येक कानाचे वेगळे, पुन्हा काढून मिळतात. मुलीला पुन्हा आत न्यावं लागत नाही, पुन्हा किरणं नाहीत. पण हा कच्चा डेटा मशीनवर थोडेच दिवस राहतो, नवीन पेशंटचा त्याच्यावर चढतो. हे बऱ्याच डॉक्टरांना माहीत नसतं आणि मग सरळ दुसरा सीटी लिहिला जातो. लहान मुलाच्या डोक्याचा दुसरा सीटी टाळता येत असताना करणं मला पटत नाही.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न, सॉफ्टवेअर घ्यावं का, याला माझं उत्तर आहे: आधी तुमच्या सीटी टेक्निशियनला एक दिवस द्या. प्रोटोकॉल कागदावर लिहून मशीनशेजारी चिकटवा: टेम्पोरल बोनचा (कानाच्या हाडाचा) स्वतंत्र स्कॅन, पातळ छेद, डोकं सरळ, आणि सीडीवर डायकॉम फाइल्स (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा). फिल्म नको. आपल्याकडे पेशंट मोठी काळी फिल्म गुंडाळून, पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कुडाळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला येतात. ती फिल्म मी उजेडासमोर धरतो आणि त्यांना सांगतो की यावर काहीच मोजता येत नाही. त्यांनी ती जिवापाड जपून आणलेली असते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोचंही तेच, त्यात मापाची माहितीच उरत नाही. सॉफ्टवेअर कितीही महाग असो, तो फोटो त्याला चालणार नाही.

हे जमलं की सॉफ्टवेअरचा खरा उपयोग सुरू होतो, आणि तो मोठा आहे. इम्प्लांटसाठी खास बनवलेलं, कंपनीशी जोडलेलं सगळ्यांत परिचित सॉफ्टवेअर म्हणजे ओटोप्लॅन, स्वित्झर्लंडच्या बर्नमधल्या कॅसिनेशन कंपनीने मेड-एलच्या साथीने केलेलं. थ्रीडी स्लायसरसारखं मोफत सॉफ्टवेअरही आहे. त्याला वेळ जास्त लागतो पण शिकायला उत्तम. तुमच्यासारख्या वर्षाला मोजक्या केसेस असलेल्या रुग्णालयाने मोफत पर्यायावर हात बसवावा आणि मोजमापासाठी मोठ्या केंद्राशी जोडून घ्यावं, असं मला वाटतं. कंपनी फुकट लावून देत असेल तर घ्या, फक्त एवढं बघा की सुचवलेल्या यादीत कोणाकोणाचे इलेक्ट्रोड आहेत. यादीत जे नाही ते सॉफ्टवेअर कधीच सुचवणार नाही. शिवाय सरकारी योजनेतून इम्प्लांट आलं तर ते निविदेतून आलेलं असतं, सगळ्या लांब्या हाताशी असतीलच असं नाही. हे आधी विचारून ठेवा.

मी लांबीपेक्षा जास्त वेळ देतो तो वाटेवर. मास्टॉइड कोरून झालं की फेशियल नर्व्ह आणि कॉर्डा टिंपनी यांच्या मधल्या त्रिकोणातून, जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या खिडकीतून, मधल्या कानात उतरायचं आणि राउंड विंडो गाठायची. एका बाजूला चेहऱ्याची नस, दुसऱ्या बाजूला चवीची. सॉफ्टवेअरमध्ये नस एका रंगात, कॉर्डा दुसऱ्या रंगात रंगवून घेतली आणि चित्र सर्जिकल पोझिशनला फिरवलं, की राउंड विंडो या खिडकीतून दिसेल की नसेच्या मागे दडेल, हे आदल्या दिवशी कळतं. सिग्मॉइड सायनस (कानामागची मोठी नीला) पुढे आलाय का, ड्युरा (मेंदूचं आवरण) खाली उतरलीय का, ज्युग्युलर बल्ब (कानाखालच्या नीलेचा फुगवटा) उंच आहे का, हेही तिथेच दिसतं. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीकडचं एक मूल फक्त फिल्मवर थिएटरमध्ये घेतलं होतं. सायनस इतका पुढे आलेला की मास्टॉइडमध्ये बरला (कोरायच्या हत्याराला) जागाच नव्हती. दीड तासाचं काम साडेतीन तास चाललं. सगळं नीट झालं, पण मी दुसऱ्या दिवशी ठरवलं की यापुढे डायकॉम उघडल्याशिवाय चाकू हातात घ्यायचा नाही. मला एका कानाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढी मी देतो.

रंगवलेली नस मात्र डोळे झाकून मान्य करू नका. नसेवरचं हाड जिथे पातळ किंवा उघडं असतं तिथे सॉफ्टवेअर तिची कड सोडून शेजारच्या पेशीत शिरतं. एकेक छेद पुढे-मागे करत ती रेघ स्वतः तपासा. आणि कॉक्लियाची रचनाच बिघडलेली असेल, इन्कम्प्लीट पार्टिशन किंवा कॉमन कॅव्हिटी, तर लांबीचं सूत्र बाजूला ठेवा. ते निरोगी अडीच फेऱ्यांवर बेतलेलं आहे. व्हेस्टिब्युलर अॅक्विडक्ट (आतल्या कानातून निघणारी हाडातली बारीक वाट) मध्यभागी १.५ मिमीपेक्षा रुंद असेल तर पाणी उसळण्याची तयारी ठेवून आत जा. तुमच्या मुलीत यातलं काही मला दिसलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर हाच प्लॅन ऑडिऑलॉजिस्टला द्या. टेबलवरच टेलिमेट्री (इम्प्लांटची विद्युत तपासणी) आणि एक्स-रे घेऊन टोक दुमडलेलं नाही हे पाहिलंत की कोणता संपर्क किती अंशांवर बसलाय हे त्या एक्स-रेवरून मोजता येतं, आणि मॅपिंग (प्रोसेसरची जुळणी) करताना सूर त्या जागेला जवळचे देता येतात. मुलीला त्यासाठी पुन्हा सीटी नको.

आता वडील. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मशीनने कान कोरल्याचं घडलेलं आहे: बर्नमध्ये २०१६ मध्ये रोबोने पेशंटच्या मास्टॉइडमधून मधल्या कानापर्यंत बारीक भोक नेलं, त्या पद्धतीच्या भोकाची रुंदी १.८ मिमी. पण ते त्यांच्या मुलीचं ऑपरेशन नाही. मी वेंगुर्ल्याचा, त्यामुळे अशा वडिलांशी त्यांच्याच भाषेत बोलतो: “मशीन फकत वाट दाखयता, हात डॉक्टरांचोच आसतलो.” मग त्यांना विचारा, खाडीच्या तोंडाशी बोट आत घेताना जीपीएसवर किनारा दिसतो, पण या पावसाळ्यात आत वाळू किती भरली ते दिसतं का? ते स्वतःच सांगतील की नाही, त्याला दोरीला शिसं लावून खोली घ्यावी लागते. सीटी आणि सॉफ्टवेअर म्हणजे तो किनारा. एमआरआय म्हणजे खोली. मी हे पहिल्यांदा एका तांडेलाला सांगितलं तेव्हा त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही, सरळ एमआरआयची तारीख विचारली.

त्यांना पैशाचीही चिंता असणार. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दिव्यांगांना उपकरणं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून इम्प्लांट मिळू शकतं. त्याचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतून चालतं. अर्ज, दिव्यांगत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांना वेळ लागतो, म्हणून ती कागदपत्रं एमआरआयसोबतच सुरू करा. मेंदूज्वराचा संशय अर्जासोबतच्या तुमच्या पत्रात ठळक लिहा, तपासणाऱ्याला घाई कशाची ते कळलं पाहिजे. त्या वेळच्या दवाखान्यात डिस्चार्जची नोंदवही असते. वडील समुद्रावर असतील तर आईला किंवा मामाला पाठवा, मेंदूज्वराच्या तपासणीसाठी पाठीतून पाणी काढलं होतं का एवढं जरी कळलं तरी पुरे.

एमआरआय झाला की रिपोर्टची वाट पाहू नका. डायकॉमची सीडी आणि पातळ छेदांचा सीटी, दोन्ही मला पाठवा. ज्या दिवशी मिळेल त्या रात्री मी बघेन आणि तुमच्या सर्जनलाही त्याच फोनवर घेईन.